सतरा मिनिटं: ‘बोजॅक हॉर्समन’मधल्या सॅरा लिनच्या मृत्यूचा प्रकरण अभ्यास

‘बोजॅक हॉर्समन’ ही प्रौढांसाठीची ॲनिमेशन मालिका; तिच्या जगात माणसं आणि माणसांसारखे वागणारे प्राणी एकत्र राहतात. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत, तारांगणाच्या घुमटाखाली दोघं शेजारी शेजारी बसली आहेत. बोजॅक हा पन्नाशीतला घोडा, एकेकाळचा टीव्ही स्टार. सॅरा लिन साधारण तिशीची. लहानपणी तिने त्याच्याच मालिकेत त्याच्या मुलीचं काम केलेलं. दोघांनी काही आठवडे सलग दारू आणि ड्रग्ज घेतलेली आहेत. वर तारे फिरतायत. आपल्याला आर्किटेक्ट व्हायचंय, असं ती म्हणते. तो बोलतच राहतो: एवढ्या मोठ्या विश्वात आपण कोण, मागे काय केलं याला अर्थ नाही, महत्त्वाचा आहे तो हा एकच क्षण. मग तो तिला हाक मारतो. एकदा, पुन्हा एकदा. ती उत्तर देत नाही आणि भाग संपतो.

‘बोजॅक हॉर्समन’च्या तिसऱ्या पर्वाचा हा अकरावा भाग जुलै २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. ती तिथेच, त्याच्या खांद्याशी गेली, असंच त्या वेळी वाटत होतं. खरा तपशील कळायला सहावं पर्व यावं लागलं: ती तारांगणात मेली नव्हती. बोजॅकने मदत बोलावली, पण १७ मिनिटांनी. मधल्या वेळात त्याने सॅरा लिनच्या फोनवरून स्वतःच्या फोनवर कॉल लावला. तिने आपल्याला बोलावलं, आपण धावत आलो आणि ती अशी सापडली, एवढं पोलिसांना सांगता यावं म्हणून. तिचा मृत्यू हॉस्पिटलमध्ये झाला.

या प्रकरणातला प्रश्न या १७ मिनिटांचा आहे. व्यसन, नैराश्य, वाईट बालपण, प्रसिद्धीने पोखरलेलं आयुष्य हे सगळं बोजॅकच्या बाजूने मांडता येतं, आणि मालिका ते प्रामाणिकपणे मांडतेही. तरी या १७ मिनिटांपाशी ती सगळी बाजू अडते. का अडते, ते इथे तपासायचं आहे.

मागची हकीकत

मालिकेचा कर्ता राफेल बॉब-वॉक्सबर्ग, पात्रांचं रूप लिसा हॅनावॉल्टचं, बोजॅकचा आवाज विल आर्नेटचा आणि सॅरा लिनचा क्रिस्टन शालचा. ऑगस्ट २०१४ ते जानेवारी २०२० या काळात ६ पर्वं झाली, नाताळचा विशेष भाग धरून ७७ भाग. कथेतली जुनी मालिका ‘हॉर्सिन अराउंड’ १९८७ ते १९९६ चालली, असं दाखवलंय: तीन अनाथ मुलांना सांभाळणारा घोडा. सगळ्यात धाकट्या सब्रिनाचं काम सॅरा लिन करायची. सुरुवात झाली तेव्हा ती तीन वर्षांची होती.

पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागात त्या काळातला एक छोटा प्रसंग आहे. लहानग्या सॅरा लिनला बोजॅक समजावतो की घरचे, मित्र, प्रेम करणारे सगळे एक दिवस सोडून जातील, पण प्रेक्षक जाणार नाहीत. म्हणून काहीही झालं तरी हसत राहायचं, नाचत राहायचं, लोकांना हवं ते द्यायचं. पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग विनोदी वाटतो, आणि सगळं कळल्यावर पुन्हा पाहिला तर ऐकवत नाही. त्याच भागात मोठी झालेली, पॉपस्टार होऊन घसरणीला लागलेली सॅरा लिन त्याच्या घरी राहायला येते आणि दोघांचा शरीरसंबंधही येतो. ज्याने तिला पडद्यावर मुलगी म्हणून कडेवर घेतलं, तोच हा माणूस.

आणखी एक धागा सहाव्या पर्वात उलगडतो. सेटवर असताना सॅरा लिनच्या हाती बोजॅकची वोडका लागली आणि तिने ती प्यायली. नोकरी मात्र गेली शॅरोना नावाच्या हेअरड्रेसरची. चूक बोजॅकची आणि किंमत दुसऱ्याची, हा हिशोब तेव्हापासूनचा.

तारांगणापर्यंतचा रस्ता असा. ‘सेक्रेटॅरिएट’ या चित्रपटासाठी ऑस्कर नामांकन मिळाल्याचं बोजॅकला कळतं आणि नंतर ती चूक होती हेही कळतं. जवळची माणसं एकेक करून लांब गेलेली असतात. सॅरा लिन तेव्हा नऊ महिने व्यसनापासून दूर आहे. तो तिला फोन करून प्यायला बोलावतो. ती तयार होते, तीही क्षणात. पुढे मधले तुकडे गाळल्यासारखे प्रसंग येतात: व्यसनमुक्तीच्या बैठकीत बडबड, जुन्या चुकांची माफी मागायला लोकांच्या दारात जाणं, ओहायोतल्या ओबर्लिनपर्यंत गाडीने प्रवास, मोटेलच्या टीव्हीवर सॅरा लिनला ऑस्कर मिळाल्याची बातमी. शेवटी तारांगण, आणि बोजॅकच्याच नावाने विकलं जाणारं हेरॉइन.

नऊ महिन्यांचा तपशील वैद्यकीय दृष्टीनेही नेमका आहे. ओपिऑइड, म्हणजे हेरॉइनसारखी अफूच्या वर्गातली द्रव्यं, रोज घेणाऱ्या शरीराला त्या मात्रेची सवय होते. काही महिने थांबलं की ती सवय उतरते, आणि माणूस परत जुन्याच मात्रेवर गेला की तीच मात्रा जीवघेणी ठरते. जोडीला दारू असेल तर धोका वाढतो, कारण दोन्ही श्वास मंदावतात. व्यसनमुक्तीनंतरची पहिली घसरण सगळ्यात घातक का असते, त्याचं कारण हेच. बोजॅकचा फोन तिला नेमका त्या वेळी आला.

ताबा होता की नव्हता

इच्छास्वातंत्र्याच्या चर्चेत व्यसनी माणसाचं उदाहरण हमखास येतं. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. माणसाला नुसत्या इच्छा नसतात, आपल्या इच्छांविषयीही त्याला इच्छा असतात. नशा हवी वाटते, पण ‘ही हवीशी वाटूच नये’ असंही ज्याला मनापासून वाटतं तो नाइलाजाने व्यसनी. तलफ आपलीच मानून तिच्या बाजूने उभा राहतो तो राजीखुशीने व्यसनी. आणि ज्याला या वरच्या पायरीवर काही वाटतच नाही, तो झुळूक नेईल तिकडे जाणारा.

बोजॅकला सहसा पहिल्या गटात टाकलं जातं, कारण त्याला स्वतःचा प्रचंड तिटकारा आहे. चौथ्या पर्वाच्या सहाव्या भागात डोक्यातला आवाज त्याला दिवसभर शिव्या देत असतो. पण इथे एक गल्लत होते. स्वतःचा तिटकारा येणं आणि आपली इच्छा बदलावी असं वाटणं या निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिटकारा सगळ्या माणसावर पसरतो: मी असाच, मी वाईट, माझ्यात काही दुरुस्त होण्यासारखं नाही. इच्छा बदलण्याची ओढ एका ठराविक गोष्टीला हात घालते: आज फोन उचलायचा नाही, आज हिला बोलवायचं नाही. तिसऱ्या पर्वात बोजॅकजवळ पहिली गोष्ट ढिगाने आहे आणि दुसरी जवळजवळ नाहीच. हेच त्याला त्याच्या घरी राहिलेल्या टॉड या मित्राने आदल्याच भागात, दहाव्यात, तोंडावर सांगितलेलं असतं: वाईट वागायचं आणि मग वाईट वाटून घेतलं की झालं, असं चालणार नाही, दारू, ड्रग्ज, बालपण हे कारण नव्हे, कारण तू आहेस. म्हणजे पुढच्या भागात सॅरा लिनचा नंबर लावताना त्याला कोणी जागं केलं नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

तरी फोनच्या वेळी त्याचा ताबा कमी होता, हे आम्ही मान्य करतो. नैराश्य होतं, एकटेपण होतं, व्यसनही होतं. पुढचे आठवडे तर शुद्ध धड नव्हती; भागाची मांडणीच त्या गळक्या स्मृतीसारखी केली आहे. नशेतल्या कृत्याचं काय करायचं, याचं उत्तर ॲरिस्टॉटलने देऊन ठेवलंय: नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा, कारण नशा करायची की नाही हे त्याच्या हातात होतं. मिटिलीनी या प्राचीन ग्रीक नगराचा शासक पिटाकस याचा तसा कायदाच होता. जबाबदारी अशी मागे, नशा चढण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत नेण्याची रीत आजही तत्त्वज्ञानात चालते. पण व्यसनाच्या बाबतीत ती लंगडी पडते, कारण मागे मागे जाताना तो पहिला मोकळा क्षण नेमका कुठला, हेच सापडत नाही.

१७ मिनिटांसाठी मात्र मागे जायची गरज पडत नाही.

तारांगणातली कृती टप्प्याटप्प्याने पाहा. सॅरा लिन हाकेला उत्तर देत नाही. तिचा फोन हाताशी आहे. त्यावरून मदत बोलवायची तर ९११, अमेरिकेतला आपत्कालीन नंबर, हे तीन आकडे पुरतात. फोनला कुलूप असलं तरी आपत्कालीन कॉल लागतो. बोजॅक ते करत नाही. तो त्याच फोनवरून स्वतःला कॉल लावतो. म्हणजे फोन उघडणं आलं, आपला नंबर शोधणं किंवा दाबणं आलं. हे करायला काय काय सुचावं लागतं? पोलीस येतील. ते कॉलची नोंद तपासतील. त्या नोंदीत तिच्याकडून माझ्याकडे एक कॉल दिसला पाहिजे. कॉल आणि माझं ‘पोहोचणं’ यांत विश्वास बसेल एवढं अंतर पाहिजे. मी आल्यावर चेहरा कसा असायला हवा, हेही.

दोन्ही कृतींपैकी अवघड कृती त्याने केली आणि सोपी टाळली. घाबरलेला माणूस पळून जातो, गोठून बसतो, रडतो. तो पुरावा रचत नाही. पुरावा रचण्यासाठी दुसऱ्याच्या नजरेतून प्रसंग पाहता यावा लागतो, परिणामांचा क्रम लावता यावा लागतो आणि त्याप्रमाणे हात चालवता यावा लागतो. जबाबदार धरण्यासाठी माणसात जी क्षमता लागते, ती हीच: कारणं समजणं आणि त्यांप्रमाणे वागणं. जॉन फिशर आणि मार्क रॅव्हिझा या तत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये ‘ताबा’ या शब्दाचा अर्थ साधारण असाच लावला. बोजॅकचा ताबा सुटला नव्हता. तो सगळा स्वतःला वाचवण्याकडे लागला होता.

मालिकेचा एक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा असतो. १७ मिनिटं म्हणजे त्यातला दोन तृतीयांश. एवढ्या वेळात दर मिनिटाला निर्णय फिरवता आला असता. म्हणून ‘त्या एका क्षणी तो कमी पडला’ असं म्हणणं बरोबर नाही. तो क्षण त्याने सतरा मिनिटं लांबवला.

१७ मिनिटांत शरीरात काय होतं

ओपिऑइडचा ओव्हरडोस झाला की श्वास आधी मंद होतो, मग उथळ, मग थांबतो. ओठ आणि नखं निळसर पडतात, घशातून घरघर येते, हलवलं तरी जाग येत नाही. मेंदूला ऑक्सिजन पूर्ण थांबल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. पण श्वास हळूहळू बंद होत असल्याने हाताशी वेळ बऱ्याचदा असतो. नॅलॉक्झोन हे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध नाकात फवारलं किंवा टोचलं तर काही मिनिटांत परिणाम दिसू लागतो. ते जवळ नसेल तर तोंडाने श्वास देत राहणं आणि ९११ वरच्या माणसाचं ऐकणं, एवढ्यानेही माणसं वाचतात. वैद्यकीय पथक येईपर्यंत ती जिवंत होती, यावरून वेळ होता हे कळतं.

पोलिसांची भीती हे कारणही तपासलं तर टिकत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१३ पासून लागू असलेला कायदा ओव्हरडोससाठी सद्हेतूने मदत बोलावणाऱ्याला स्वतःच्या वापरापुरते ड्रग्ज बाळगल्याच्या गुन्ह्यापासून संरक्षण देतो. हा कायदा केला तो नेमक्या याच भीतीपोटी लोक फोन करत नाहीत म्हणून. ड्रग्ज दुसऱ्याला पुरवल्याचा आरोप त्यात सुटत नाही, हे खरं. पण बोजॅकने जे वाचवलं ते मुख्यतः नाव होतं.

न बोलावण्याबद्दल कायदा काय म्हणतो, हेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकी कायद्यात संकटातल्या अनोळखी माणसाला वाचवायची सक्ती सहसा नसते. पण धोका तुम्ही उभा केला असेल, तर कर्तव्य येतं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढे असं प्रकरण आलं होतं: एका बाईने बारमधून अतिशय प्यायलेल्या माणसाला घरी आणलं, त्याने तिच्या न्हाणीघरात हेरॉइन टोचून घेतलं, तो कोसळला, ती परत बारमध्ये गेली आणि तो मेला. न्यायालयाने सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. जिथे इतर कोणी मदत करू शकलं असतं अशा ठिकाणाहून त्याला काढून आपल्या ताब्यात आणल्यावर, मदत बोलावणं हे तिचं कर्तव्य होतं. सॅरा लिनला नऊ महिन्यांच्या शुद्धीतून काढून आठवडे बरोबर फिरवणाऱ्याला हा युक्तिवाद किती लागू पडतो, हे वेगळं सांगायला नको.

तिची स्वतःची इच्छा, आणि बालपणाचा मुद्दा

सॅरा लिन सज्ञान होती. बोजॅकने हात धरून तिला ओढलं नाही. तिने होकार दिला, नशा तिने स्वतः केली. हे नाकारणं म्हणजे तिला पुन्हा तीन वर्षांची बाहुली करणं. तिच्या मृत्यूत तिचा वाटा आहे. पण जबाबदारी म्हणजे भाकरी नव्हे, की एकाने मोठा तुकडा घेतला म्हणून दुसऱ्याचा लहान व्हावा. तिने नशा केली याबद्दल ती जबाबदार, आणि त्याने फोन केला नाही याबद्दल तो पूर्ण जबाबदार. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात.

बालपणाचा बचाव आणखी गुंतागुंतीचा आहे. चौथ्या पर्वात बोजॅकची आई बिअ‍ॅट्रिस कशी घडली ते दिसतं: युद्धात मेलेला भाऊ, त्या दुःखाने कोसळलेली आई आणि बापाने त्या आईची करवलेली मेंदूची शस्त्रक्रिया. ते दुःख बिअ‍ॅट्रिसने मुलाच्या गळ्यात घातलं. हे पाहिल्यावर बोजॅकवरचा राग मवाळ होतो, आणि व्हायलाही हवा. तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ मध्ये म्हटलं होतं की एकमेकांना जबाबदार धरणं हे मुळात राग, कृतज्ञता, दुखावलं जाणं या भावनांत असतं. आणि माणसाची परिस्थिती कळली की या भावना बदलतात.

मात्र हाच बचाव सॅरा लिनलाही लावून पाहा. तिचं बालपण कुणी घडवलं? आईच्या महत्त्वाकांक्षेने, कॅमेऱ्याने, आणि बोजॅकने. प्रेक्षकांना हवं ते देत राहा, हे शिकवणारा तो. वोडकाची बाटली त्याची. बालपण माणसाला मोडतं असं म्हणायचं असेल, तर तिच्या मोडण्याच्या यादीत त्याचं नाव येतं. बालपणाचा मुद्दा त्याला एका हाताने जे देतो, ते दुसऱ्या हाताने काढून घेतो. मालिकेने हे सूत्र कुठेही बोलून दाखवलेलं नाही. पहिल्या पर्वातला तो छोटा प्रसंग आणि तिसऱ्या पर्वातलं तारांगण समोरासमोर ठेवलं की ते दिसतं.

आधीची मिनिटं

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. दुसऱ्या पर्वाच्या अकराव्या भागात, न्यू मेक्सिकोत, बोजॅक जुन्या मैत्रिणीच्या सतरा वर्षांच्या मुलीला, पेनीला, आणि तिच्या मित्रांना प्रॉमच्या, म्हणजे शाळेतल्या नृत्यसमारंभाच्या, रात्री दारू पाजतो. मॅडी नावाची मुलगी बेशुद्ध पडते. तो तिला आणि बरोबरच्या पीट या मुलाला हॉस्पिटलच्या दारात सोडतो, माझं नाव घेऊ नको असं पीटला बजावतो आणि निघून जातो. मॅडी वाचते.

मॅडी वाचली आणि सॅरा लिन गेली. बोजॅकच्या डोक्यात मात्र दोन्ही वेळी एकच गणित होतं: आधी माझं नाव, मग तिचा जीव. परिणाम नशिबावर असतील तर दोष नशिबाप्रमाणे बदलतो का, हा प्रश्न बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये उभा केला. इथे त्याचं उत्तर निदान अर्धं सापडतं. लगेच फोन केला असता तर सॅरा लिन वाचली असती का, हे ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही. पण फोन न करण्याचा दोष त्या उत्तराची वाट पाहत नाही. मॅडीच्या वेळीही तो तेवढाच होता. फक्त कुणी मोजला नाही.

‘त्याचा स्वभावच तो, तो दुसरं काही करूच शकत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी तिसऱ्याच पर्वाचा चौथा भाग आहे. पाण्याखालच्या शहरात, भाषा कळत नसताना, हाती लागलेलं समुद्रघोड्याचं पिल्लू घरी पोहोचवायला तो दिवसभर वणवण करतो. कुणी पाहत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. दुसऱ्याचा जीव आधी, हे त्याला जमतं. सात भागांनंतर त्याने ते केलं नाही.

आत्मनाश हा शब्द

बोजॅकच्या वागण्याला सरसकट ‘आत्मनाश’ म्हणतात. शब्द अपुरा आहे. नाश झाला तो जुना मित्र हर्बचा, पेनीचा, सहअभिनेत्री जीनाचा, सॅरा लिनचा. आत्मनाशाची भाषा केंद्रस्थानी पुन्हा त्यालाच बसवते: बिचारा स्वतःला संपवतोय. सहाव्या पर्वाच्या बाराव्या भागात मुलाखतकार बिस्किट्स ब्रॅक्सबी हेच फोडते. पहिली मुलाखत त्याने जिंकलेली असते, पश्चात्तापी माणूस म्हणून. दुसरीत ती एकेक प्रसंग शेजारी ठेवते आणि विचारते की या सगळ्या बायकांच्या आयुष्यात तुमच्या हातात सत्ता होती, हे तुम्हाला दिसतं का. १७ मिनिटं तिथेच बाहेर येतात. त्याचा पश्चात्ताप खोटा नव्हता, पण तो तपशील टाळून केलेला होता.

पुढे तो स्वतः पाण्यात बुडता बुडता वाचतो. त्याआधी मैत्रीण डायनला फोनवर निरोप ठेवतो, आणि ती दुसऱ्या शहरात बसून त्याच्या जगण्याचा भार अंगावर घेते. इथेही फोनच आहे, आणि ओझं पुन्हा दुसऱ्या कुणावर.

बोजॅकला शेवटी १४ महिन्यांचा तुरुंगवास होतो, तो घरफोडीसाठी: विकून टाकलेल्या आपल्याच जुन्या घरात घुसल्याबद्दल. सॅरा लिनसाठी त्याला तुरुंग होत नाही. न्यायालयाला जे सिद्ध करता आलं त्याची शिक्षा आणि त्याने जे केलं त्याचं मोल यांत मेळ नाही, आणि लेखकांनी तो मुद्दाम घातलेला नाही.

अखेरच्या भागात एका लग्नासाठी तो तुरुंगातून तात्पुरता बाहेर येतो. डायन आणि तो छतावर बसतात. ती त्याला माफ करत नाही, झिडकारतही नाही. त्या निरोपाने तिचं काय झालं ते सांगते. तारांगणात शेजारची बाई गप्प झाली तेव्हा तो स्वतःच्या बोलण्यात होता. आता वर खरे तारे आहेत, शेजारी बाई आहे, आणि तो ऐकतो आहे.